न लिहिलेलं फिने

आमच्या गावच्या बँडचा मास्तर म्हणजे माझा नवरा, साबीनो. चाळीस वर्षं त्याने घरही बँडसारखंच चालवलं. भांडण पेटलं की हात वर करायचा. तो खाली येईपर्यंत मी अवाक्षर काढायचं नाही. मग म्हणायचा, "दा कापो!" म्हणजे पुन्हा पहिल्यापासून, पण गोडीने. जेवण झालं की पावाच्या तुकड्याने ताट पुसून म्हणायचा, "फिने." संपलं. तोवर उठायची सोय नव्हती. डोक्याला ताप नुसता!

अंथरुणाला खिळल्यावर त्याने स्वतःच्या अंत्ययात्रेची धून मला सांगून लिहवून घेतली. पानाच्या तळाशी दा कापो, म्हणजे तिथून परत वरच्या ओळीवर जायचं, आणि शेवट मात्र मधेच.

"दुसऱ्या ओळीच्या शेवटी फिने लिही, असुंता. नाहीतर बिचारे गोल गोल फिरत बसतील."

"लिहिलं," मी म्हटलं. नव्हतं लिहिलं. ते लिहिलं की हा जाणार, असं माझ्या मनाने घेतलं होतं.

तरी तो गेलाच.

आमच्याकडे धून संपल्याशिवाय शवपेटी कबरस्तानाच्या फाटकातून आत नेत नाहीत. बँड फाटकाशी उभा राहिला. धून तळाशी पोचली, वर गेली, पुन्हा तळाशी आली. मास्तरने लिहिलं नाही, तिथे थांबणार कोण? तिसऱ्या फेरीला खांदेकऱ्यांचे पाय लटपटायला लागले. आणि प्रत्येक फेरीआधी मला श्वास ऐकू यायचा. बँडला सुरुवात देताना साबीनो घ्यायचा तसाच, नाकातून. मी पेटीला अगदी लागून उभी होते.

म्हाताऱ्या कोझिमोने ट्रम्पेट खाली घेतला. त्याचा ओठ फुटला होता. "वहिनी, थांबायचं कुठे? मास्तर सोडेनात आम्हाला!"

तो कुठला धरतोय! मीच धरून ठेवलं होतं त्याला, चौघांच्या खांद्यांवर, भर उन्हात. मला माझीच लाज वाटली.

मी हात वर केला. दुसरी ओळ संपली तसा खाली आणला. "फिने." सगळे थांबले. पेटी आत गेली.

आता दुपारी एकटी जेवते. पावाने ताट पुसते, पण तो शब्द पुन्हा म्हणवत नाही, म्हणून उठताही येत नाही. बसून राहते. समोरच्या खुर्चीतून नाकाने श्वास घेतल्याचा आवाज येतो, सुरुवात देण्याआधीचा. मग काहीच सुरू होत नाही.