आखाजीच्या चुलीवरची नावं

मित्रांनो, मी एक जुनं खापर आहे. सध्या सुवर्णाच्या फ्लॅटच्या गॅलरीत, सुकलेल्या कुंडीशेजारी उपडा पडून असतो. माझ्या पाठीला कान लावलात तर आत काहीतरी घुमल्यासारखं ऐकू येईल. सुवर्णा मुलांना सांगते की तो वारा आहे. सांगू दे बिचारीला. माझ्या पोटात नावं घुमतात, गेलेल्या माणसांची. त्यातल्या एका नावाने तर माझी झोपच उडवली होती.

माझा जन्म बागलाणातला. सटाण्याजवळच्या एका खेड्यात कुसाबाई नावाच्या कुंभारणीने मला थापून, भाजून काढलं. मला चुलीवर उपडं घालतात आणि माझ्या तापलेल्या पाठीवर मांडे भाजतात. मांडा म्हणजे पुरणाची पोळीच, पण पोळपाटावर मावेल तो मांडा कसला! बाई तो दोन्ही हातांवर झेलत झेलत पार कोपरापर्यंत पसरवते आणि अलगद माझ्या पाठीवर सोडते. हे काही ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे. गॅसवरच्या त्या चपट्या तव्याने तर माझ्याशी बरोबरी करूच नये.

नव्वद सालानंतर लगेचच त्याच गावच्या मैनाचं लग्न झालं आणि ती नवऱ्याबरोबर, पुंजाबरोबर, नाशिकला निघाली. एसटीत तिने मला गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. "बाई, लेकरू निजलं का?" असं कंडक्टरने विचारलं, तेव्हा पुंजा इतका हसला की पुढच्या सीटवरची माणसं वळून पाहू लागली. त्याचं ते हसू मला फार आवडलं.

सातपूरच्या कारखान्यांमागे पत्र्याच्या खोल्यांची एक रांग होती. तिथे सगळेच बाहेरून आलेले. एका बाजूला हरसूलकडच्या वारली पाड्यावरची नवसाबाई राहायची, ती बांधकामावर जायची. दुसऱ्या बाजूला बिहारचा यादव आणि त्याची बायको. सुरुवातीला कोणी कोणाशी फारसं बोलत नसे. भाषा वेगळ्या, आणि दिवसभर राबून आल्यावर बोलायला त्राण कुणाला?

पहिली आखाजी आली. म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या बागलाणात हा पितरांचा सण. त्या दिवशी चुलीतल्या निखाऱ्यांवर तूप आणि मांड्याचा घास टाकतात आणि गेलेल्या माणसाचं नाव घेऊन त्याला जेवायला बोलावतात. याला आगारी म्हणतात. मैनाने खोलीबाहेर तीन विटांची चूल मांडली, मला चढवलं, पुरणाचा वास सुटला आणि शेजारी एकेक करून येऊन उभे राहिले.

"कोण येणार हाय जेवाया?" नवसाबाईने विचारलं.

"आमना सासरा. आनी मन्ही आजी," मैना म्हणाली.

यादव चुलीपाशी उकिडवा बसला. मग म्हणाला, "भाभी, हमारी माई भी आ सकती है क्या? गांव बहुत दूर है. उसका टिकट कौन निकालेगा?"

सगळे हसले, पण त्याचे डोळे भरून आले होते. आई गेली तेव्हा त्याला रजा मिळाली नव्हती. नवसाबाई उठली. तिने समोरच्या भिंतीला गेरू फासला, तांदळाच्या पिठात बांबूची काडी बुडवली आणि भिंतीवर माईच्या येण्याची वाट काढायला घेतली. यादव सांगत गेला, ती काढत गेली. गंगा काढली, आंब्याची बाग काढली, आगगाडी काढली. "मनमाड भी बनाओ," यादव म्हणाला, "वहां माई को चाय पीने दो." वाट थेट आमच्या चुलीपाशी येऊन थांबली आणि तिच्यावर चालत येणारी एक वाकलेली म्हातारी उमटली. मैनाने माईच्या नावाने घास टाकला. निखारे फुलले, आणि माझ्या पोटात काचेच्या बांगड्या वाजल्या. मित्रांनो, त्या वेळी तिथे कोणाच्याच हातात काचेच्या बांगड्या नव्हत्या. मैनाच्या हातातल्यासुद्धा मांडे करताना काढून ठेवलेल्या होत्या.

तेव्हापासून दर आखाजीला तेच. यादवची बायको माझ्याखालच्या निखाऱ्यांत लिट्टी, म्हणजे सातू भरलेले कणकेचे गोळे, भाजायची, नवसाबाई नागलीची भाकरी आणायची, आणि आधी पितर, मग आपण, असं सगळे एकत्र जेवायचे. ज्याचं कोणी गेलं असेल तो त्याची गोष्ट सांगायचा आणि नवसाबाई त्याला वाटेवर काढायची. पळसाला पानं तीनच. कुठल्याही मुलखातलं माणूस मागे सोडलेल्यांसाठी सारखंच रडतं, हे मी त्या चुलीवर शिकलो.

मग पुंजाचा कारखाना बंद पडला. मैनाची लेक सुवर्णा तेव्हा पाळण्यात होती. पुंजा कांद्याच्या ट्रकवर क्लीनर म्हणून जाऊ लागला. एकदा देवळ्याहून कांदा भरून ट्रक दक्षिणेकडे गेला आणि पुंजाशिवाय परत आला. ड्रायव्हर म्हणाला, "चहा प्यायला उतरला तो परत चढलाच नाही. आम्ही लई शोधलं." पोलीस झाले, देवऋषी झाले. पुंजाचा पत्ता लागला नाही.

काही वर्षांनी मैनाचा दीर खंडेराव गावाहून आला. "आते तरी त्यानं नाव ले, वहिनी," त्याने समजावलं.

"तो जिता शे," मैना म्हणाली. "जिता माणूसनं नाव आगारीमा कसं लेऊ? मीच त्याले मारू का?"

तिचंही बरोबर होतं. जिवंत माणसाला आगारीत बोलावणं म्हणजे त्याच्या मरणाला आवतण. नवसाबाईने तेव्हा फार शहाणपणा केला. भिंत सारवून नवी वाट काढताना तिने मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी ठेवली. "ती सांगंल तवा भरीन," एवढंच म्हणाली.

पण मित्रांनो, मला ठाऊक होतं. दर आखाजीला सगळे पितर जेवून गेले तरी भिंतीपाशी कोणीतरी उभं असायचं. ऐन वैशाखात माझी ती बाजू गार पडायची, तिकडचा मांडा कच्चा राहायचा आणि मैना लाकडांना दोष द्यायची. तो जवळ येत नव्हता, कारण त्याला कोणी बोलावलं नव्हतं. कसा येईल? बिनआवतणाचा पाहुणा कधीच नव्हता तो. मी त्याची भूक ओळखत होतो आणि मला सांगता येत नव्हतं. उपड्या भांड्याला तोंड कुठलं? मी नुसता जळत राहायचो.

दोन हजार आठ साल उजाडलं आणि शहरात बाहेरच्या प्रांतांतल्या लोकांविरुद्ध वातावरण तापलं. लोकांनी आपल्या अडचणींचं खापर यादवसारख्यांच्या डोक्यावर फोडलं. माझं नाव अशा कामाला वापरतात याची मला आजही लाज वाटते. एका दुपारी यादवच्या दारावर दगड आले. संध्याकाळच्या आत त्याने बोचकी बांधली. सतरा-अठरा वर्षांचा संसार दोन बोचक्यांत मावला.

निघताना तो मैनापुढे हात जोडून उभा राहिला. "भाभी, माई अब रास्ता जानती है. वो हर साल यहीं आएगी. उसका नाम लेना मत भूलना. कोई नहीं बुलाएगा तो बेचारी रास्ते में भूखी खड़ी रहेगी."

मैना गेलेल्या रिक्षाकडे पाहत किती तरी वेळ दारात उभी राहिली.

त्या आखाजीला लिट्टी नव्हती. अर्ध्या खोल्यांना कुलपं होती. मैनाने यादवच्या माईला घास टाकला, आजीला टाकला, सासऱ्याला टाकला. मग तिने आणखी एक घास हातात घेतला आणि तो निखाऱ्यांवर तसाच धरून ठेवला. सुवर्णा आणि नवसाबाई पाहत होत्या.

"मी त्याले उपाशी ठेवं व माय," मैना म्हणाली. "इतला वरीस मन्हा दारमा उपाशी ठेवं." आणि घास टाकत तिने हाक मारली, "पुंजा!"

तेव्हा चूल अशी भडकली की माझ्या पाठीला आरपार तडा गेला. मला दुखलं, पण खरं सांगतो, इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. मैना पोटभर रडली. नवसाबाईने डोळे पुसले, पिठात काडी बुडवली आणि वाटेवरच्या त्या मोकळ्या जागी चालणाऱ्या माणसाचा पाय काढायला घेतला. मैनाने तिचा हात धरला.

"चालता नको काढू," ती म्हणाली. "बसेल काढ. थकी जायेल व्हई तो."

पुढे ती रांग पाडली आणि भिंतही गेली. तडा गेलेलं खापर चुलीवर चढत नाही, म्हणून मी इथे आहे. मला घासूनपुसून ठेवा असं मी म्हणणार नाही. पण मित्रांनो, तुमच्या शेजारी कोणी लांबच्या मुलखातून आलेलं असेल, तर सणाच्या दिवशी त्याला एवढं जरूर विचारा, तुमच्या घरचं कोण कोण गेलं, त्यांची नावं काय? आणि त्यानं सांगितलेलं नाव एकदा आपल्या तोंडाने घ्या. भुकेलं माणूस दाराबाहेर किती वर्षं उभं राहतं, ते मी पाहिलं आहे.