कोनाड्यातला अंगठा

म्हातारीला जुनी घरं बघायची होती. गवंड्याची बायको ती. हयातभर दुसऱ्यांच्या भिंतींना चुना मळून दिला, आणि आता हातपाय थकल्यावर म्हणते, भिंती बघायला ने. मुलाला हसू आलं. तोही गवंडीच.

"आई, लोक समुद्र बघतात, डोंगर बघतात. तू भिंती बघणार?"

"नेतोस, की मी आपली जाऊ एकटी?"

"एकटी जाशील, पायरीवरून घसरशील आणि वर मलाच बोल लावशील. चल."

खरं कारण तिने पोटात ठेवलं होतं. नवऱ्याचं तिच्याजवळ आता काहीच उरलं नव्हतं. मागच्या पुरात नदी घरात शिरली ती त्याचा एकुलता एक फोटो, त्याची थापी, त्याचा चष्मा, सगळं घेऊन गेली. आता तर चेहराही नीट आठवेना. आठवायला जावं तर मुलाचाच चेहरा पुढं यायचा.

पण एक गोष्ट नदीला नेता येण्यासारखी नव्हती. नदीकाठच्या जुन्या इमारतींची डागडुजी नवऱ्याकडे असायची. काम संपत आलं की कोनाड्याच्या आत, वरच्या अंगाला, कुणाची नजर जाणार नाही अशा जागी तो ओल्या चुन्यात अंगठा दाबायचा. अंगठ्याचं टोक छिन्नीखाली सापडून गेलेलं, त्यामुळे उमटायचा तो अर्धाच. "झाली आमची सही," म्हणायचा आणि घमेलं धरून उभ्या असलेल्या बायकोला डोळा मारायचा. मालकाला नाही, मुकादमाला नाही, पोटच्या पोरालाही त्याने हे कधी सांगितलं नाही. नवराबायकोतली गोष्ट, तिनेही ती तशीच राखली. त्या खळग्यात एकदा आपला अंगठा ठेवायचा, एवढंच तिला हवं होतं.

शहरात नदीकाठच्या जुन्या वस्तीत एक मुलगी लोकांना इमारती हिंडून दाखवत असे. हे दोघं तिच्या घोळक्यात सामील झाले. मुलगी कमानी दाखवत होती, सज्जे दाखवत होती, कोणत्या पुराचं पाणी कुठवर चढलं होतं ते दाखवत होती. लोक माना वर करून बघत, आणि म्हातारी खाली कोनाडे शोधत राही. जिथं नवऱ्याने महिनोन्महिने काम केलं होतं त्या धान्याच्या वखारीत आता चकचकीत फरशी छतापर्यंत चढली होती. नावाड्यांच्या चाळीची तर एकच भिंत उभी होती, तीही टेकू लावून.

"आजी, कोनाड्यात हात नका घालू," मुलगी म्हणाली. "विंचू असतो कधीकधी."

"असू दे गं. मला चावून त्यालाच पस्तावा होईल."

लोक हसले. म्हातारीने हात बाहेर काढला, झटकला. तळव्याला नुसती धूळ लागली होती.

परतताना मुलाने तिचा उतरलेला चेहरा बघितला. म्हणाला, "अजून एक राहिलंय. मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. उद्या जाऊ."

दुसऱ्या दिवशी ते नदीच्या वरच्या अंगाला, वळणावरच्या लहानशा गावी गेले. मोटारीतून उतरताच म्हातारीने जागा ओळखली. जुनं जकातघर. इथं दारामागे एक खोल कोनाडा होता आणि त्यात सही होताना तिने डोळ्यांनी बघितली होती. मुलगा तेव्हा झोळीत होता. तिच्या पायांना एकदम बळ आलं.

"हळू, आई! जकात भरायचीय का?"

दार उघडं होतं. आत भिंती आरशासारख्या घोटलेल्या. म्हातारी उंबऱ्यातच थबकली.

"कसं आहे?" मुलगा मागून म्हणाला. त्याचा आवाज लहानपणी पाटी दाखवायला आणताना व्हायचा तसा झाला होता. "गेल्या साली मीच केलं. बाबांनी केलेलं काम होतं ना, म्हणून दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. सिमेंटचा कण नाही, सगळा चुना."

ती दारामागे गेली. कोनाड्यात हात घातला, वर फिरवला. गुळगुळीत. पुन्हा फिरवला, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"तिथं ना, एक खड्डा होता," मुलगा सांगू लागला. "बाबांच्या हाताखालच्या कुणा कच्च्या गड्याचा अंगठा रुतला असणार. बाबा म्हणायचे, भिंतीवर बोट दिसलं की समजावं, गवंडी कच्चा. म्हटलं, उगाच त्यांच्या नावाला बट्टा नको. भरून टाकला."

म्हातारीचा हात आतच राहिला.

"अर्धाच होता ना रे?"

"हो, अर्धाच. तुला कसं..."

बापाचा हात त्याला आठवला. त्याच हाताने त्याला थापी धरायला शिकवली होती. पाठीत धपाटेही त्याच हाताने घातले होते. तो भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला.

तिथूनच म्हणाला, "मी खरवडतो. वरचा थर अलगद काढला तर खाली..."

"तू भरलंस ना? मग ते एकजीव झालं. चुन्याचं मी तुला सांगायला हवं?"

"एकदा बोलायचंस तरी, आई."

"हो," ती म्हणाली. "बोलायला हवं होतं."

तिने हात बाहेर काढला. बोटांना काहीच लागलं नव्हतं, धूळसुद्धा नाही. काम चोख होतं. बापाने बघितलं असतं तर पाठ थोपटली असती. ते तिने त्याला सांगितलं नाही. ऐकण्याच्या मनःस्थितीत तो नव्हता.

मोटारीची वाट बघत दोघं नदीकाठी उभी राहिली. पाणी गढूळ होतं आणि वर चढत होतं. मुलाने उजवा अंगठा मुठीत मिटून घेतला होता. मोटार आली, वाहकाने हात पुढं केला, तरी त्याला ती मूठ उघडेना. शेवटी आईनेच त्याच्या खिशातून पैसे काढून दोन तिकिटं घेतली.