होळीच्या ढिगातली विदूषकाची काठी

मी एक जुनी काठी आहे, तीन ठिकाणी वाकडी. रायपुरातल्या तात्यापाऱ्याच्या चौकात होळीसाठी रचलेल्या लाकडांवर मला टाकलं आहे. मित्रांनो, सांज झाली की मला पेटवतील. तोवर माझं ऐकून घ्या.

रेल्वेत सुतारकाम करणाऱ्या शालिग्रामजींनी मला तेंदूच्या फांदीतून घडवलं. हिला सरळ करू नका, असं दत्तोपंत गुरुजींनी त्यांना बजावलं होतं. जुन्या संस्कृत नाटकांत राजाचा सोबती विदूषक अशीच वाकडी काठी घेऊन येत असे. गुरुजी दर गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या मुलांचं नाटक बसवत. मला कुणाच्या हाती देण्याआधी ते सांगत, “विदूषक म्हणजे जोकर नाही, बेटा. दूषण म्हणजे दोष. राजाले त्याचा दोष तोंडावर दाखवते, तो विदूषक. अन् हसवत दाखवते, म्हणून त्याची मान शाबूत राहते.”

मंडळाची एक रीत होती. नाटक संपलं की विदूषकानं मला तीनदा आपटून अध्यक्षांचा एक दोष सांगायचा. अध्यक्षांनी हसायचं आणि त्याला पहिला मोदक द्यायचा.

रायपूर छत्तीसगडची राजधानी झाल्यावरच्या पहिल्या गणपतीत एका मोठ्या साहेबांसाठी नाटक दोन तास थांबलं. दहा वर्षांची देवश्री विदूषक होती. तिनं मला आपटलं.

“काकाजी, राजधानी झाल्यापासून तुम्हाले साहेबच दिसून राहिले. आम्ही पोट्टे दिसतच नाही.”

साहेब शेजारीच बसले होते. अध्यक्ष नीलकंठराव हसले नाहीत. मोदक ताटातच राहिला.

पुढच्या वर्षी नाटकात विदूषक नव्हता. मी कोठीत गेले. देवश्री पुन्हा मंडळात आली नाही. काही वर्षांनी गुरुजीही गेले. काळोखात मी एकच गोष्ट घोकत राहिले, त्या पोरीचं काय चुकलं?

काल कोठी साफ झाली. सकाळपासून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला मी हाक मारू पाहते आहे. पण लाकडाला आवाज नसतो, त्याला कुणीतरी आपटावं लागतं.

आत्ताच एका चिमुरडीनं मला ढिगातून ओढून काढलं. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला ती विचारते आहे, “दादाजी, ये जोकर का डंडा है क्या?”

ते नीलकंठराव आहेत. त्यांनी मला हातात घेतलं. माझ्या वाकांवरून त्यांची बोटं फिरताहेत. या चौकात माझा अर्थ आता फक्त त्यांना ठाऊक आहे.

मित्रांनो, तुमची चूक हसत सांगणारं कुणी असेल तर त्याला जपा. काठी काय, जंगलात दुसरी मिळेल.

ऊन उतरलं आहे. मला परत ढिगावर टाकायला चिमुरडीनं हात पुढे केला आहे. पण नीलकंठरावांनी मला अजून सोडलेलं नाही.