मरणाचा सीन

रामप्रसाद आपल्या प्रत्येक सिनेमात मरायचा. नायक तोच, दिग्दर्शक तोच, गाणीही त्याचीच. पोस्टरवर त्याचंच नाव इतक्या वेळा यायचं की बाकीच्यांना कोपऱ्यात दाटीवाटीनं उभं राहावं लागायचं. पहिला खेळ भोकरदनच्या मंगल कार्यालयात, मग यूट्यूबवर. अकरा सिनेमे, अकरा मरणं. "हीरो जगला की आपल्या लोकांला फशिवल्यासारखं वाटतं," असं तो म्हणायचा, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

अडचण एकच होती. मेलेल्या माणसाला कॅमेऱ्यामागं उभं राहता येत नाही. त्यामुळे त्याच्या अंगावर पडून रडणाऱ्या वंदनाकडे आणखी एक काम होतं. वंदना त्याची बायको, पडद्यावरची आणि घरचीही. रडता रडता तिनं नवऱ्याच्या पोटावर नजर ठेवायची आणि पोट हललं की हात वर करायचा. मग कॅमेरावाला संपत कॅमेरा थांबवायचा, आणि मढं उठून बसून सगळ्यांना झापायचं. खरं तर पोट त्याचंच सुटलेलं, दमही त्याचाच कमी. म्हणून घरी दुपारी खाटेवर पडून तो मरायचा सराव करायचा.

बाराव्या सिनेमाच्या वेळी तो खरोखर गेला. त्या दुपारी वंदना अंगणात धुणं वाळत घालून आत आली, तर स्वारी खाटेवर, हात सरळ, डोळे मिटलेले. ती उंबऱ्यात उभी राहून मोजू लागली. शंभर झाले तरी पोट जागचं हललं नाही. जमलं बाई एकदाचं, म्हणून तिला भारी कौतुक वाटलं आणि ती चहा टाकायला गेली. आलं किसलं, दूध उतू जाऊ नये म्हणून तिथंच थांबली, मग चार भांडीही विसळली. कप घेऊन आली तेव्हा वीस मिनिटं होऊन गेली होती. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडं लवकर आणलं असतं तर काही करता आलं असतं. ते तिनं एकटीनंच ऐकलं आणि कुणालाही सांगितलं नाही.

तेव्हापासून ती रडली नव्हती. सिनेमात ऊर बडवणारी बाई, आणि आता डोळ्यांत टिपूस नाही, म्हटल्यावर गल्ली बोलणारच. तिला त्याचंही वाईट वाटेना. तव्याचा चटका बसला तरी हात मागं घ्यायला उशीर व्हायचा. सासूला सगळं सांगून टाकावं, असं मात्र रोज वाटायचं. पण गोजरबाई समोर आली की ती दुसरंच काही बोलायची. सांगितलं तर हे घर आपलं राहणार नाही, ही भीती तेवढी तिच्यात जिवंत होती.

महिन्याभरानं संपत लॅपटॉप घेऊन आला. गोजरबाई भिंतीला टेकून सुपात तूर निवडत होती.

"वहिनी, भाऊचा शेवटचा सीन लावायचाय," तो म्हणाला. "पाच टेक हायेत, एकबी भाऊला पटला न्हवता. पोट कशात कमी हललंय ते तुमीच बघत व्हत्या. मला बघवून न्हाई राह्यलं."

वंदना बसली. केळना नदीच्या काठी रामप्रसाद तिरडीवर मेला होता. सवयीनं ती मोजू लागली. अठराला पोट हललं. तो पुन्हा मेला, बावीसला हललं. तिसऱ्यांदा एकतीसपर्यंत टिकला आणि तोंडानं फुस्स आवाज केला. संपतला हसू आलं आणि लगेच त्यानं डोळे पुसले. चौथा वीसला गेला. पाचवा सव्वीसला.

"अकरा सिनेमांत पस्तीसच्या वर कधी दम धरला न्हाई त्यांनी," वंदना म्हणाली. "माझ्याइतकं कुणाला माहीत व्हतं?"

"बराबर हाये, वहिनी."

"त्या दिशी मी उभी राहून शंभर मोजले. अन् चहा टाकायला गेले."

मग तिनं सगळं सांगितलं, धुण्यापासून डॉक्टरपर्यंत. बाजारातून काय काय आणायचंय हे सांगावं, तसल्या आवाजात. "जल्दी आणलं असतं तर वाचले असते," ती म्हणाली. "मी घालवलं त्यान्ला, आत्याबाई."

संपतनं लॅपटॉप मिटला. गोजरबाईचं सूप मांडीवर तसंच राहिलं. आता म्हातारी आपल्याला बाहेर काढणार, असं वंदनाला वाटलं, आणि काढलं तर बरंच, असंही वाटलं.

"तू धुणं वाळू घालून राह्यली व्हतीस ना," गोजरबाई जमिनीकडे बघत म्हणाली, "तवा मी खाटंपाशी गेल्ते. चादर सरकली व्हती, ती त्याच्या पायावर वढली. पाय गार लागले."



"म्हणलं, पंख्यानं झाले असतील. म्हणलं, चाललंय याचं नाटक. पंखा बारीक केला अन् देवळात निघून गेले." तिनं सूप बाजूला ठेवलं. "महिना झाला, वंदने. तुझ्या तोंडाकडं बघवंना मला."