अर्ध्या टाकीचं दूध

मी गेली पंधरा वर्षं नववीच्या मुलांना गतीचे नियम शिकवते आणि गेल्या महिन्यात पहिल्याच नियमात नापास झाले. तेही घरच्या घरी, बाबांच्या पुढ्यात.

बाबा डेअरीचा दुधाचा टँकर चालवायचे. बत्तीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही, हे ते स्वतः कधी सांगत नसत; आई सांगायची, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला. त्या मंगळवारी सकाळी पहिल्या केंद्रावर अर्धं दूध उतरवून ते दुसऱ्या केंद्राकडे निघाले होते. सिग्नल लाल झाला, टँकर थांबला. नीट थांबला, पुढच्या स्कूटरपासून हातभर अंतर ठेवून. आणि मग थांबलेला टँकर पुढे गेला. स्कूटरवाला पडला, त्याचं मनगट मोडलं. तो निघाला शिंपी, आणि हात नेमका उजवा.

डेअरीने बाबांकडून किल्ल्या काढून घेतल्या आणि चौकशी लावली. साहेबांचं म्हणणं सरळ होतं: उभी गाडी हलली, म्हणजे ड्रायव्हरला डुलकी लागली. तसंच ठरलं असतं, तर निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना बाबांना फाटकावर खुर्ची टाकून बसावं लागलं असतं, आणि कागदावर डुलकीचा शेरा कायमचा राहिला असता.

"खरं सांगा, डोळा लागला होता?" मी विचारलं.

"नाही गं. दूध ढकलतं."

"काय ढकलतं?"

"दूध. अर्ध्या टाकीचं दूध गाडीला ढकलतं."

माझं डोकंच फिरलं. "बाबा, थांबलेली वस्तू आपोआप हलत नाही. बाहेरून बल लागतं. आत बसून पुढची काच ढकलली तर गाडी चालते का? साहेबांपुढे असलं काही बोलू नका, हसतील."

"बरं, मास्तरीणबाई," ते म्हणाले आणि गुडघ्याला मलम चोळत बसले.

"गाडी बत्तीस वर्षं तू चालवलीस की त्यांनी?" आई आतून म्हणाली. मी तिलाही दोन शब्द ऐकवले. रागाच्या भरात जो समोर येईल त्याला मी सोडत नाही, हा माझा जुनाच रोग आहे.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर नेमका तोच नियम लिहीत होते. बाहेर व्हरांड्यात साफसफाईच्या मावशी चाकांची बादली ढकलत आल्या, माझ्या वर्गाच्या दाराशी थांबल्या आणि दांडा सोडून पदराने घाम पुसायला लागल्या. बादली अर्धी भरलेली. ती आपली आपण वीतभर पुढे गेली.

"मावशी, बादली चालली!" पहिल्या बाकावरून कुणीतरी ओरडलं. वर्ग हसला.

"चालणारच," मावशी म्हणाल्या. "बादली थांबली, पाणी कुठे थांबलंय अजून? जरा वेळ धरून ठेवावी लागते."

मी खडू हातात धरून तशीच उभी. गाडी थांबते तेव्हा आतलं दूध थांबत नाही. ते पुढे उसळतं, मागे जातं, मागची भिंत गाठून पुन्हा पुढे येतं, आणि तेव्हा गाडीला कुणी धरून ठेवलेलं नसेल तर तिलाही घेऊन जातं. बसने ब्रेक मारला की उभी माणसं पुढे का जातात, हे मी दरवर्षी शिकवते. माणसांच्या जागी दूध ठेवून बघायचं मला सुचलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

संध्याकाळी बाबांसमोर जाऊन बसले. माफी मागायची सवय नाही, म्हणून प्रश्नच विचारला. "टाकीत आडव्या भिंती का नाही घालत? दूध अडेल की."

"पाण्याच्या टँकरला घालतात. दुधाला चालत नाहीत. कोपऱ्यात दूध राहतं, धुतलं जात नाही, मग पुढचं सगळं नासतं."

"मग तुम्ही करता काय?"

"मोजतो. गाडी थांबली की पाय ब्रेकवर घट्ट दाबायचा आणि दहापर्यंत मोजायचं. तोवर दूध दमतं."

मला एकदम आठवलं. लहानपणी सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर केबिनमध्ये जायची. प्रत्येक थांब्यावर बाबा मोठ्याने मोजायचे आणि मी त्यांच्या मागून म्हणायची. शाळेत जायच्या आधी मला दहापर्यंत येत होतं, याचं आईला कोण कौतुक! मला वाटायचं, बाबा मला आकडे शिकवतायत. या माणसाला मी आदल्या दिवशी नियम समजावून सांगत होते.

शुक्रवारी दुपारी चौकशीला मी बाबांबरोबर गेले. शाळेतली चाकांची छोटी ट्रॉली, तिच्यावर घट्ट बांधलेला झाकणाचा पारदर्शक डबा, त्यात निम्म्यापर्यंत निळी शाई घातलेलं पाणी. तीन साहेब टेबलापलीकडे हाताची घडी घालून बसले होते. मी ट्रॉली ढकलली, हाताने थांबवली आणि सोडून दिली. पाणी मागे गेलं, पुढे आलं, आणि ट्रॉली थेट मोठ्या साहेबांच्या चहाच्या कपावर जाऊन आदळली. मग डबा काठोकाठ भरला, झाकण लावलं, तसंच केलं. ट्रॉली जागची हलली नाही.

"पुन्हा करा," मोठे साहेब म्हणाले. नंतर त्यांनी स्वतःच करून बघितलं. चारदा. धाकटे दोघे आपली पाळी कधी येते म्हणून बघत होते.

शेवटी मोठ्या साहेबांनी खणातून किल्ल्या काढल्या आणि बाबांपुढे सरकवल्या. "चूक आमची झाली, काका. डुलकीचा शेरा निघेल. सोमवारपासून गाडीवर या."

मला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं. बाबांनी किल्ल्यांना हात लावला नाही.

"साहेब, दूध रोजच ढकलतं," ते म्हणाले. "दहापर्यंत मोजतो म्हणून बत्तीस वर्षं कुणाला कळलं नाही. त्या दिवशी सातला पाय सुटला. गुडघ्यात कळ आली. हात हँडब्रेककडे गेला, तोवर दूध आलं होतं. झोप नव्हती, हे लिहा. पण पाय माझा सुटला, हेही लिहा."

"बाबा!"

"थांब जरा. त्या शिंप्याकडे रोज जातोय मी. डाव्या हाताने चहा पितो बिचारा, निम्मा सांडतो. पुढच्या वेळी स्कूटर नसेल, एखादं पायी चालणारं पोर असेल." त्यांनी किल्ल्या परत सरकवल्या.

मग मोठे साहेब म्हणाले, "नव्या ड्रायव्हरांना हे मोजणं शिकवायला तरी याल ना?"

"येईन," बाबा म्हणाले. "हिचा डबा लागेल तेवढा."

परत येताना माझ्या छोट्या गाडीत ते शेजारी बसले होते. मी घुश्शात होते. "जिंकलेला डाव घालवलात," मी म्हटलं. खरं तर मला त्यांचा इतका अभिमान वाटत होता की दुसरं काही बोलले असते तर रडू आलं असतं. ते रिकामे हात गुडघ्यांवर ठेवून रस्त्याकडे बघत होते.

सिग्नल लाल झाला. मी ब्रेक दाबला, गाडी थांबली. शेजारून पुटपुटणं ऐकू आलं.

"एक, दोन, तीन..."

माझ्या गाडीत दुधाची पिशवीसुद्धा नव्हती. तरी मी पाय घट्ट ठेवला. पाच, सहा, सात. सातला त्यांचा आवाज थांबला.

सिग्नल हिरवा झाला, मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली.

"आठ," मी म्हटलं, "नऊ, दहा." आणि मग पाय उचलला.