पिनवरचं टोपण

नागसेनला एकच खोड. माणसावर भरवसा ठेवायचा, तोही डोळे मिटून. पालमच्या वरच्या गल्लीत चाळीस घरांना तो वायफाय द्यायचा, पण कागद म्हणून एक नाही. ह्याच्या पत्र्यावरून, त्याच्या लिंबाला बांधून, तिसऱ्याच्या कठड्याला वेढा मारून वायर नेलेली. सगळा तोंडी कारभार. आणि साऱ्या गल्लीची लाईन ज्या डब्यातून जायची, तो डबा थोरल्या बहिणीच्या, लक्ष्मीबाईच्या माडीवर. आई गेल्यावर ह्या अक्कानंच त्याला लहानाचा मोठा केला. डब्याला दुसरी जागा बघावी असं त्याच्या स्वप्नातसुद्धा आलं नाही.

डब्याची किल्ली अक्काच्या पदराला. नागसेन कधी कुठं शिडीवर टांगलेला असायचा. गल्लीत लाईन बंद पडून वायफायचा लाल दिवा लागला की तो फोन करायचा आणि अक्का गुडघे धरत माडी चढायची. त्यानंच तिला शिकवलं होतं. "ही मोठी पिन काढायची, पुसायची, परत बसवायची. आन् जराबी मोकळी ठेवायची झाली तर आधी टोपण लावायचं, अक्का. धुळीचा कण गेला की खलास." ती इवली इवली टोपणं अक्कानं चुन्याच्या रिकाम्या डबीत घालून डब्यातच ठेवली होती. शाळेचं तोंड न बघितलेली बाई, पण काम कसं, चोख!

गावात दोन कंपन्या आधीच होत्या, दिवाळीनंतर तिसरी आली. पहिला महिना फुकट, वर पिक्चर फुकट. नागसेन म्हणायचा, येऊ द्या की! कंपनीला फोन लावा, बाई म्हणते एक दाबा, दोन दाबा. आपल्याला लावा, आपण म्हणतो, तासाभरात येतो. आणि तो यायचाच.

पण गेल्या पंधरा दिवसांत काय दृष्ट लागली कोण जाणे. दिवसाआड भर दुपारी गल्ली बंद! मग अक्काचाच फोन यायचा, "नागू, वानरानं भाईरून वायर वढून पिन उपटली रे. बसवली बघ मी." गावात वानरांचा उच्छाद होताच, त्यामुळं शंका घ्यायला जागा नव्हती. "तू हायस म्हणून निभायलंय, अक्का," हा म्हणायचा. तोवर बारा घरं नव्या कंपनीकडं गेली होती.

समोरच्या सुमनबाई त्याचं पहिलं गिऱ्हाईक. त्या गेल्या असत्या तर त्यांच्यामागं उरलेली गल्लीही गेली असती, हे नागसेनला पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या नातीचा, निकिताचा, गुरुवारी कॉम्प्युटरवर पेपर होता. सुमनबाईंनी त्याला तोंडावर सांगितलं, "त्या दिशी बंद पडलं तर मग आमचा तुमचा संबंध न्हाई, भाऊ."

बुधवारी नागसेननं बाभळीच्या फांद्या तोडून आणल्या आणि डब्याभोवती आवळून बांधल्या. दोन्ही हात रक्तबंबाळ झाले. अक्का खाली उभी राहून बघत होती. "हळदबी लाव रे जरा," म्हणाली.

गुरुवारी तो कुठं गेलाच नाही, यष्टी स्टँडवर चहा पीत बसून राहिला. अकराला निकिताचा फोन आला, "काका, गेलं!" अक्काला फोन करण्यात वेळ घालवायचा नाही म्हणून तो तसाच पळत सुटला आणि बाहेरच्या जिन्यानं थेट माडीवर गेला.

बाभळीच्या फांद्या सुतळी सोडून कठड्याला टेकवून ठेवल्या होत्या. डबा उघडा. मोठी पिन काढलेली आणि तिच्यावर टोपण, नीट दाबून बसवलेलं.

नागसेननं पिन हातात घेतली. अरे, वानर टोपण लावतं का कुठं!

जिन्यात पाऊल वाजलं. अक्का वर येत होती, हातात चहाचा कप. "कवा आलास, नागू? वानरं लय माजल्यात बघ..." ती बोलता बोलता थांबली, कारण त्यानं पिन वर धरली होती. तिनं उजवा हात पदराखाली घेतला. पण काट्यांचे ओरखडे त्याला दिसायचे ते दिसले.

"का गं, अक्का?"

अक्कानं कप कठड्यावर ठेवला आणि ती तिथंच टेकली. "माझा सुगत तीन साल घरात बसून हाय रे. कंपनीवाले त्याला म्हणले, ही गल्ली आमच्याकडं फिरवून दे, एजन्सी तुला. मी काय करू? तू भाऊ हायस, ते पोटचं हाय."

"मागितली असतीस तर दिली असती गं सगळी गल्ली! मामानं भाच्याला न्हाई म्हणलं असतं का? मी तुझ्याच हातात दिलं होतं की गं."

त्यानं टोपण काढलं, पिन पुसून बसवली. दिवा हिरवा झाला. निदान पोरीचा पेपर तरी, असं म्हणत त्यानं सुमनबाईंना फोन लावला.

"चालू झालं बघा, सुमनबाई."

"राहू द्या, भाऊ. निकिता सुगतच्या लाईनीवर पेपर द्यायलीय. त्यानं कालच वायर वढून ठेवली होती." सुमनबाई अवघडल्या. "अक्काच सांगून गेल्या. म्हणल्या, उद्या नागूचं बंद पडणार, आधीच सोय करून ठेवा."

कालच. म्हणजे तो वर काट्यांत हात घालत होता, तेव्हाच.

नागसेननं फोन खिशात टाकला आणि हात पुढं केला. "किल्ली दे."

अक्काला पदराची गाठ सुटेना. वर्षानुवर्षांची गाठ. तिनं शेवटी दातांनी सोडवली. त्यानं डब्याला कुलूप घातलं, फांद्या पुन्हा बांधल्या.

"आता लाल दिवा लागला तर कोण बघायचं रे?" अक्का रडत म्हणाली. "ये की खाली, नागू. दाजी हायत घरात. भाकर खाऊन जा."

"दिवा लागला तर मी येईन," तो म्हणाला. "तासाभरात येईन. ह्या बाहेरच्या जिन्यानं येईन, काम करून जाईन. घरात येणार न्हाई."

तो उतरून गेला. कठड्यावर चहा तसाच राहिला.