चोरओटीनंतरच्या गोळ्या

"बाळाची कवटी तयारच झालेली नाही," सोनोग्राफीचा पडदा स्वतःकडे वळवत डॉ. सीमंतिनी शितोळे म्हणाल्या. "हे बाळ जगू शकणार नाही."

तन्वी पोटावरची जेली पुसत होती. पुसून झाली तरी पुसत राहिली. तिच्या सासूबाई, सुधाताई, उशाशी उभ्या होत्या.

"पण मॅडम, मैंने तो एक भी गोली मिस नहीं की," तन्वी म्हणाली. "त्या गोळ्यांनीच तर नाही ना झालं? किती गरम पडायच्या मला. अगली बार बिल्कुल नहीं लूँगी."

सुधाताई गप्प राहिल्या असत्या, तर तन्वीचा तो समज तसाच राहिला असता.

पाळी चुकताच तन्वीने विचारलं होतं, "आई, फोलिक अ‍ॅसिड सुरू करू का? ऑफिसमधली सोनिका तर लग्न झाल्यापासून घेत होती." पण नया बाज़ारमधलं औषधांचं दुकान सुधाताईंच्या दिरांचं, महिपतरावांचं. गोळ्या घेतल्या की संध्याकाळपर्यंत सगळ्या भाऊबंदांत बातमी. सुधाताईंनी आपलं पहिलं हौसेने सगळ्यांना सांगितलं होतं. ते दुसऱ्याच महिन्यात गेलं, आणि पुढे कितीतरी दिवस बायका भेटल्या की आधी त्यांच्या पोटाकडे बघत. म्हणून त्या म्हणाल्या होत्या, "तिसरा लागू दे गं. गुपचूप चोरओटी भरू, मग डॉक्टर, गोळ्या, सगळं."

"आई, तुम्ही तर एकदम सीबीआयवाल्या!" तन्वी हसली होती.

"गोळ्या कधीपासून घेतेय ही?" डॉक्टरांनी विचारलं.

तन्वीने सासूकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"चोरओटीनंतर," सुधाताई म्हणाल्या. "तिने आधी मागितल्या होत्या. मी नको म्हटलं."

"मेंदू आणि कणा अगदी सुरुवातीलाच घडतात. कित्येकींना दिवस राहिल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून गोळी त्याच्या आधीपासून हवी. पाळी चुकल्यावर लगेच घेतली असती तर हे टळलं असतं का, ते मी सांगू शकत नाही. पण गोळीने हे झालेलं नाही. पुढच्या वेळी आधी सुरू करायची."

"पुन्हा सांगा," सुधाताई म्हणाल्या. "माझ्याकडे बघून नको. तिच्याकडे बघून सांगा."

डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं.

बाहेर आल्यावर तन्वीला सँडलचा पट्टा लावता येईना. बाकांवर बायका बसल्या होत्या. त्यांच्यादेखत सुधाताई गुडघे मोडून खाली बसल्या आणि पट्टा लावू लागल्या. तोल सावरायला तन्वीने भिंतीला हात टेकला, त्यांच्या खांद्याला नाही. पाय मात्र मागे घेतला नाही.